मदत हवी आहे: जोधपूरच्या उन्हात पहिलं बोन्साय कोणतं धरावं?

नमस्कार मंडळी,

मी ठाण्याची, कावेसरला राहते. मार्चअखेर माझी जोधपूरला बदली होतेय, निदान तीन वर्षं तरी. तिथल्या घराला मोकळी गच्ची आहे, आणि इथे सातव्या मजल्यावरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये काढलेल्या दिवसांनंतर मला तेवढंच दिसतंय.

माझा अनुभव आधीच सांगून टाकते. घोडबंदर रोडवरच्या एका नर्सरीतून जुनिपर आणला, हॉलमध्ये टीव्हीशेजारी ठेवला, भर पावसाळ्यात रोज पाणी घातलं. मुळं कुजली. त्यात जुनिपर मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवाच दिसतो, त्यामुळे मी एका मेलेल्या झाडाला महिनाभर इमानेइतबारे पाणी घालत होते. दुसरं नांद्रुक, वडाच्या जातकुळीतलं. बुंधा अंगठ्याएवढा, पण ते मात्र मस्त जगलंय.

आता अडचण अशी. ठाण्यात वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस, तिकडे साडेतीनशेच्या आसपास. जोधपूरच्या पुढे फलोदीला १९ मे २०१६ रोजी पारा ५१ अंशांवर गेला होता. ज्याला विचारावं तो म्हणतो, ‘सोपं आहे, वाळवंटातलंच झाड घे, शमी लाव.’ शमी म्हणजे तिकडची खेजडी, राजस्थानचा राज्यवृक्ष. पण मला शंका येते. खेजडी रानात तगते ती मुळं खूप खोल जातात म्हणून. दोन इंच खोल ट्रेमध्ये ती मुळं जाणार कुठे? माझं काही चुकतंय का?

दुसरं, नांद्रुक सोबत न्यावं की इथेच ठेवावं? इथे ठेवलं तर नवऱ्याच्या हवाली, म्हणजे जुनिपरच्या वाटेने. (सासूबाईंचं म्हणणं वेगळंच: झाड खुजं केलं की घरातल्यांची वाढ खुंटते. त्यावर कुणाकडे उतारा असेल तर तोही सांगा.)

– कावेसरकर

कुंडीबहाद्दर: ताई, शंका अगदी बरोबर आहे. दुष्काळात टिकणारं झाड आणि उथळ कुंडीत टिकणारं झाड, या दोन वेगळ्या गोष्टी. शमी, बोर, बाभूळ यांचं बोन्साय होतं, छान होतं, पण मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी लागतं, ते चुकवून चालत नाही. पहिल्यांदा हात बसवायचा तर पाणी स्वतःच्या अंगात साठवणारं झाड घ्या. जेड घ्या, बारीक गोल पानांचं, ज्याला पोर्टुलाकारिया म्हणतात ते. नर्सरीत जेड म्हणून जाड मोठ्या पानांचा क्रासुलाही गळ्यात मारतात. तोही जगतो, पण फांद्यांचा बारकावा येत नाही. दुसरं अडेनियम. बुंधा आपसूक फुगतो, फुलं येतात, नवशिक्याला हुरूप येतो. जुनेजाणते त्याला बोन्साय मानत नाहीत, न मानोत बापडे. फक्त त्याचा चीक विषारी असतो, छाटल्यावर हात धुवा. आणि थंडीत पानं गळाली की पाणी जवळजवळ बंद.

मारवाडातली मराठी: मी आठ वर्षं जोधपूरला आहे. झाडापेक्षा आधी गच्चीचा विचार करा. इथे उन्हाळ्यात फरशीवर अनवाणी पाय ठेवता येत नाही, मग त्या फरशीवर ठेवलेल्या कुंडीतल्या मुळांचं काय होत असेल? कुंडी विटांवर उचलून ठेवा, किंवा वाळू भरलेल्या परातीत अर्धी पुरा आणि वाळू ओली ठेवा. एप्रिल ते जून वर हिरवी जाळी हवी, पश्चिमेकडूनही, कारण लू, म्हणजे उन्हाळ्यातला गरम वारा, तिकडूनच येते. काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या टाळा.

पाण्याचं बघा. नळाला कालव्याचं येत असेल तर बरं. बोअरचं असेल तर महिन्याभरात कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसेल, तो खार. अधूनमधून तळातून धो धो वाहीपर्यंत पाणी घालून तो धुऊन काढायचा. पावसाचं पाणी साठवता आलं तर सोनंच. इथले लोक पूर्वापार टांक्यात, म्हणजे जमिनीतल्या हौदात, तेच करत आले. एसीच्या पाइपाखाली बादली लावायची ठाणेकरी युक्ती मात्र विसरा, हवेत ओलावाच नाही तर पाणी कुठून पडणार!

बोगनवेलही धरा. तहान लागली की मान टाकते, पाणी मिळालं की संध्याकाळपर्यंत सावरते. नवशिक्याला असं बोलकं झाड हवं. तिची मुळं मात्र छेडू नका.

कावेसरकर: दोघांचेही आभार! मग मी पोचल्या पोचल्या ट्रे-कुंडीत लावू का? आणि मिश्रण कोणतं? इथे मी विटांचा चुरा, भरड वाळू आणि थोडं शेणखत वापरते.

कुंडीबहाद्दर: अजिबात नको. एप्रिल ते जून मुळांना हात लावायचा नाही. नर्सरीच्या खोल कुंडीतच उन्हाळा काढू द्या, फार तर शेंडे खुडा. जुलैच्या पावसात हवा ओलावली की ट्रेमध्ये हलवा. मिश्रण जेड-अडेनियमला तेच चालेल. नांद्रुकासाठी मात्र कंपोस्ट वाढवा, नाहीतर सकाळी घातलेलं पाणी दुपारी गायब. कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) भरवशावर राहू नका, एकदा खडखडीत वाळलं की पाणी आत घेतच नाही.

नांद्रुक नेलंत तर पंधरा दिवसांत पानं गाळेल. घाबरून पाणी वाढवू नका. नखाने साल खरवडून बघा, आत हिरवं असेल तर ते जिवंत आहे.

कावेसरकर: जुनिपरच्या वेळी हे नख माहीत असतं तर! नांद्रुक नेतेय. जेड शेजारच्या काकूंकडे भरपूर आहे, सूर्यनगरी एक्सप्रेसने सामानात कुंडी न्यायची नाही म्हणून फांद्याच न्याव्यात म्हणते. किती जाड घेऊ?

कुंडीबहाद्दर: पेन्सिलीएवढ्या, वीतभर लांब. वर्तमानपत्रात गुंडाळा, ओल्या फडक्यात नाही. कापलेलं टोक चार-पाच दिवस सुकू द्यायचंच असतं, त्यामुळे प्रवास झाला तरी बिघडत नाही. दहा न्या, सहा रुजतील. आणि सासूबाईंना एक फांदी देऊन जा.