पर्यावरण राहू दे, बोर्ड कितीला ते सांगा

मांडवीकाठ: काल इथे एकाने लिहिलं की गोंयकार बिघडलेलं स्मार्ट मशीन सरळ भंगारात देतात, कारण ‘आपल्याला पर्यावरणाचं सोयरसुतक नाही’. वाचून डोकंच फिरलं. गेल्या पावसाळ्यात आमच्या वॉशिंग मशीनचा बोर्ड, म्हणजे आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट, गेला. आत पाल जळून चिकटलेली, शेपटी दोन पट्ट्यांवर आडवी. मोटारीला १० वर्षं वॉरंटी, बोर्डाला २, तीही संपलेली. कंपनीचा माणूस म्हणाला, नवा बोर्ड ११ हजार. मशीनच २६ हजारांचं! फोंड्यातल्या एका पोराने तोच बोर्ड १,८०० रुपयांत चालू करून दिला. मी दुरुस्त केलं ते पैसे वाचले म्हणून, आणि तो पोर हाताशी होता म्हणून. पृथ्वीसाठी नव्हे.

बार्देशी: नशीबवान आहात. कळंगुटला आमच्या एसीच्या बाहेरच्या जाळीला बोट लावलं तर भुगा हातात येतो. तीन वर्षं, बस्स. गॅस भरा, महिन्यात परत गळती.

डिचोलीकर: तांब्याची कॉइल, म्हणजे गॅस फिरतो त्या नळ्या, घ्यायची होती. स्वस्तातलं घेतलं असणार.

बार्देशी: तांब्याचीच होती! पण वरच्या पट्ट्या अॅल्युमिनियमच्याच असतात ना. खाऱ्या हवेत दोन धातू चिकटून बसले की आधी अॅल्युमिनियम खाल्लं जातं.

डिचोलीकर: महिन्याला गोड्या पाण्याने धुवायची. आम्ही धुतो.

बार्देशी: डिचोलीत समुद्र कधी आला? खाणीची धूळ धुता तुम्ही.

डिचोलीकर: धुळीनेही कॉइल गुदमरते. घरी येऊन बघा, मग हसा.

सासष्टीकर: कॉइल पुरे हो! विकण्याचं बोला. चतुर्थीच्या ऑफरला दुकानदार जुन्या स्मार्ट फ्रिजचे दीड हजार देत होता. बाहेर सात हजारांचं गिऱ्हाईक मिळालं. पण फ्रिज दुबईतल्या मुलाच्या अकाउंटला जोडलेला, तो काढायला लागणारा ओटीपी जातो त्याच्या बंद पडलेल्या नंबरवर. गिऱ्हाईक म्हणतं, ‘तुजो पूत थंयच्यान म्हजें दूद पळयतलो?’ (तुझा मुलगा तिथून माझं दूध बघणार?) आणि गेलं. शेवटी दीड हजारच.

हिरवा_माणूस: कालचा तो ‘एक’ मीच. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राचं राइट टू रिपेअर पोर्टल आलं, कंपन्यांची दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी उत्पादकावर. तुमच्यापैकी किती जणांना हे ठाऊक होतं? रडायला मात्र सगळे पुढे.

मांडवीकाठ: पोर्टल उघडून पाल निघत नाही, साहेब.

हिरवा_माणूस: आणि भंगारवाला फ्रिजची नळी कापून गॅस हवेत सोडतो, ते चालतं?

मांडवीकाठ: नाही चालत. आमच्या वाड्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलंय. घ्या, एक गुण तुम्हाला. पण ११ हजारांचा बोर्ड समोर ठेवला की तुमचं भाषण कोण ऐकणार?

हिरवा_माणूस: बरं, तो फोंड्याचा पोर रोबोट व्हॅक्यूम बघतो का? आमचा चार महिने कपाटावर पडलाय.

बार्देशी: 😂 आणि एसी?