अनुभव धागा : तुर्कस्तानची वाइन आणि तिथली द्राक्षं

तुर्कस्तानला जाऊन आलेली मंडळी मशिदी, बलून आणि बकलावा यांबद्दल भरभरून सांगतात, वाइनचं नाव क्वचितच निघतं. द्राक्षवेलींखालच्या क्षेत्रात हा देश जगात पहिल्या पाचांत मोडतो. पण बहुतेक द्राक्षं खाण्यात, बेदाण्यात आणि पेकमेझ नावाच्या काकवीत जातात. 2013 च्या कायद्याने दारूच्या जाहिराती बंद झाल्या, त्यामुळे चांगल्या बाटलीची माहिती एकमेकांना सांगूनच पसरते. म्हणून हा धागा. कुठे काय प्यायलात ते लिहा, आणि द्राक्षाचं नाव विसरू नका.

सुरुवात मी करते. इस्तंबूलमध्ये पहिल्या रात्री ओळखीचं नाव म्हणून काबर्ने, म्हणजे त्या नावाच्या फ्रेंच द्राक्षाची लाल वाइन, मागवायला निघाले होते. वाढणाऱ्या काकांनी हलकेच थांबवलं आणि ओकुझगोझु आणली. शब्दशः अर्थ बैलाचा डोळा! एलाझीकडचं हे द्राक्ष टपोरं, गोल, काळं. वाइन मात्र रसाळ आणि मऊ. तिची जोडीदार दियारबाकिरची बोआझकेरे, म्हणजे घसा जाळणारी. ती नुसती प्यायले तेव्हा मूठभर जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते तसं झालं. म्हणूनच दोघींचं मिश्रण करतात, आणि ते खरंच सुरेख लागतं. दोलुजा (1926) आणि कावाक्लिदेरे (1929) या वाइन बनवणाऱ्या जुन्या घरांच्या बाटल्या सहज मिळतात. सुरुवात तिथूनच करा.

*

आम्ही तासगावकडचे, बेदाणेवाले. मनिसाला गेलो ते सुलतानिये द्राक्षं बघायला, कारण ती म्हणजे आपली बिनबियांची थॉम्सनच. तिथे घड पोटॅश आणि ऑलिव्ह तेलाच्या पाण्यात बुडवून उघड्या उन्हात जमिनीवर पसरतात. आपणही बुडवतो, पण वाळवतो शेडमध्ये जाळीवर. एका बागायतदाराला आमच्या एप्रिल आणि ऑक्टोबर अशा दोन छाटण्या सांगितल्या, तर तो बोटं मोजत विचारायला लागला, "मग वेल झोपते कधी?" त्याला काय सांगणार, आपल्याकडे थंडीच तेवढी नाही.

सुलतानियेची पांढरी वाइन प्यायलो. पहिल्या घोटाला काहीच कळलं नाही. हिरवी काडी मोडल्यावर येतो तो वास मागाहून आला. तीस वर्षं हे द्राक्ष पिकवतोय, पण त्याची वाइन त्या दिवशी पहिल्यांदा चाखली.

*

रात्री दहा ते सकाळी सहा दुकानात बाटली विकत मिळत नाही. आम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो होतो. आधीच घेऊन ठेवा.

*

कापादोकियाचं पांढरं द्राक्ष एमिर राहिलं की! तिथे मांडव नाहीत, बुटक्या वेली ज्वालामुखीच्या राखेच्या भुसभुशीत जमिनीवर पसरलेल्या. डोंगरात कोरलेली कबुतरखानी दिसतात ना, त्यांतली विष्ठा पूर्वापार या बागांचं खत. उर्गुपला तुरासानमध्ये (1943 पासूनचं घर) एमिर चाखली. लिंबासारखी स्वच्छ आंबट, गोडाचा लवलेश नाही. याच द्राक्षाची फसफसणारी वाइनही करतात.

*

दादा, बेदाण्याचं वाचून छान वाटलं. माझा अनुभव पानांचा आहे. तोकात गावात एका आजींकडे राहिले होते. तिथलं पांढरं द्राक्ष नारिंजे, म्हणजे नाजूक. ओक पिंपात मुरवलं की त्याची वाइन भरदार होते. पण त्या घरात वेलीची कीर्ती सारम्यासाठी. भाताचं सारण भरून पानाच्या बोटभर गुंडाळ्या करतात, अगदी अळूवडीसारखी निगुतीने. पानं जास्त खुडली तर घड नीट पिकत नाहीत, त्यामुळे एकाच वेलीवर स्वयंपाकघर आणि वाइनवाला या दोघांचा डोळा. आजींनी खारवलेल्या बरणीतून एक पान काढलं आणि माझ्या तळहातावर उलगडून ठेवलं. इतकं पातळ, की खालच्या रेषा दिसत होत्या.