मदत हवी आहे : आघातग्रस्त मुलांसाठी थेरपीचं प्रशिक्षण, तेही सुपरव्हिजनसह (अनुभवी तज्ज्ञाच्या देखरेखीखाली)

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात पदव्युत्तर) आहे, मराठवाड्यातल्या एका बालगृहात चार वर्षं समुपदेशक. मुलं ६ ते १४ वयाची. एक नऊ वर्षांचा मुलगा रोज उशीखाली पोळी लपवून झोपतो. दाराची कडी जोरात वाजली की पलंगाखाली शिरतो, कोणी हात धरून ओढलं तर चावतो. शिक्षा, स्टिकर चार्ट यांनी काही साधत नाही. मी शेजारी जमिनीवर नुसती बसून राहिले तर वीसेक मिनिटांनी स्वतःहून बाहेर येतो. पुढे काय करायचं, ते मला नीट शिकायचंय.

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या ‘संवाद’ या बालसंरक्षण व मानसिक आरोग्य उपक्रमाची ऑनलाइन सत्रं केली, पाया पक्का झाला. टीएफ-सीबीटीचं (आघातग्रस्त मुलांसाठीची, विचार-वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती) वाचन केलंय, पण त्यात पालकाचा सहभाग मोठा. आमच्याकडे पालक म्हणजे पाळीपाळीने येणाऱ्या काळजीवाहक मावशी. प्ले थेरपीच्या (खेळातून उपचार) दोन दिवसांच्या कार्यशाळेत सर्टिफिकेट मिळालं, पण नंतर केस दाखवायला कोणीच नाही. मुलांच्या जखमेशी असं अर्धवट शिकून खेळणं मला पटत नाही.

अडचणी : आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी नाही, पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी नोकरी सोडता येणार नाही. शनिवार-रविवारी पुणे-मुंबईला येऊ शकते. बजेट चाळीस हजारांपर्यंत. मराठी किंवा हिंदीत सुपरव्हिजन मिळालं तर उत्तमच. औषधोपचारासाठी जिल्हा रुग्णालयाचे मानसोपचारतज्ज्ञ आहेत, तो प्रश्न नाही.

एमएसडब्ल्यूवाल्यांना घेणारा आणि नंतर किमान सहा महिने केस सुपरव्हिजन देणारा कोर्स तुमच्यापैकी कोणी स्वतः केलाय का? आणि पालक नसलेल्या मुलांसोबत टीएफ-सीबीटी वापरताना पालकाची जागा कोणाला दिलीत?