जुन्या मिडी आणि मॉड ट्रॅकचा आवाज कसा सुधारायचा?

संत्रानगरी_कीबोर्ड (नागपूर): मंडळाच्या ऑर्केस्ट्राचे जुने ट्रॅक आहेत. काही मिडी, काही मॉड (छोटे सॅम्पल म्हणजे ध्वनीचे तुकडे आणि ते वाजवायचा क्रम एकाच फाइलमध्ये), उरलेले १२८ केबीपीएस एमपी३. मोठ्या स्पीकरवर पत्र्यासारखे वाजतात. काय करावं?

बर्डी_मिक्सर: भाऊ, मिडी फाइलमध्ये आवाज नसतोच, कोणता सूर कधी वाजवायचा याच्या फक्त सूचना असतात. विंडोजचा मूळ सिंथ (सूचनांचा आवाज बनवणारा प्रोग्राम) सोडा. फ्लुइडसिंथ या सिंथला चांगला साउंडफॉन्ट (वाद्यांच्या आवाजांचा संच) लावून वेव्ह ऑडिओ फाइल काढा. तालवाद्यं चॅनल १० वरच ठेवा, नाहीतर ढोलाच्या जागी पियानो वाजेल. जीएम म्हणजे जनरल मिडी, वाद्यांची ठरलेली यादी. तिच्यात सतार १०५ क्रमांकाला आहे, तबला मात्र नाहीच. तो वेगळा भरावा लागतो.

आठबिट: मॉड ओपनएमपीटी या प्रोग्राममध्ये उघडा. अमिगा या जुन्या संगणकाच्या पद्धतीने चॅनल १ आणि ४ पूर्ण डावीकडे, २ आणि ३ उजवीकडे असतात. हेडफोनवर डोकं उठतं. स्टिरिओ सेपरेशन (डाव्या-उजव्यातलं अंतर) कमी करा, इंटरपोलेशन (सॅम्पल गुळगुळीत करण्याची पद्धत) सिंक (sinc) ठेवा. मग प्रत्येक चॅनल वेगळा एक्सपोर्ट करून बेस मध्यभागी आणा. सिंकने किणकिण जाते, ८ बिट सॅम्पलची सरसर राहतेच.

बर्डी_मिक्सर: एमपी३कडून फार आशा नको. १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुधा कापलेलं असतं, ट्रेबल चढवलीत तर चरचरच वाढेल. घुमत असेल तर ३०० हर्ट्झला २-३ डीबी उतरवा, बस.