शब्दचर्चा : कॉन्स्टेबलच्या गव्हाच्या शेतातला ‘सरवा’

प्रश्न : जॉन कॉन्स्टेबल या इंग्लिश चित्रकाराच्या ‘द व्हीटफिल्ड’ या चित्रावर टिपण लिहिते आहे. चित्रात कापणी झालेल्या भागात एक बाई आणि दोन मुली वाकून पडलेल्या ओंब्या वेचत आहेत. इंग्रजीत या कामाला ‘ग्लीनिंग’ म्हणतात. मराठीत ‘उंछवृत्ती’ लिहिले तर चालेल का?

उत्तर : ‘सरवा’ लिहा. पीक काढून नेल्यावर शेतात मागे राहिलेली कणसे, ओंब्या, शेंगा म्हणजे सरवा, आणि त्या गोळा करणे म्हणजे सरवा वेचणे. भुईमूग काढून झाला की तुटून जमिनीत राहिलेल्या शेंगा उकरायला बाया-पोरे जातात, तोही सरवाच.

उंछवृत्ती मला इथे पटत नाही. उंछ म्हणजे सांडलेले दाणे टिपणे आणि शिल म्हणजे राहिलेली कणसे वेचणे, इथवर अर्थ जुळतो. पण तो शब्द साठा न करता जगू पाहणाऱ्या ब्राह्मणाच्या व्रताला चिकटला आहे. ती गरिबी आपणहून पत्करलेली असते. कॉन्स्टेबलच्या चित्रातल्या बायकांनी कसलेही व्रत घेतलेले नाही. मजुराच्या घरात सरव्याचे गहू दळून आणले की पुढचे काही आठवडे भाकरीची सोय होई, म्हणून त्या वाकल्या आहेत.

आणि हे वेचणे त्या काळी वादाचे होते. सफोक परगण्यातल्या टिमवर्थ गावी मेरी हॉटन या बाईने जेम्स स्टील याच्या शेतात सरवा वेचला, त्यावरून खटला झाला आणि 1788 मध्ये लंडनच्या न्यायालयाने निकाल दिला की सरवा हा कुणाचा कायदेशीर हक्क नाही. तरी गावोगावचा रिवाज मोडला नाही. पूर्व इंग्लंडात कित्येक ठिकाणी सकाळी चर्चची घंटा झाल्यावर सगळ्यांनी एकदम शेतात शिरायचे आणि संध्याकाळच्या घंटेला बाहेर पडायचे, म्हणजे लेकुरवाळीलाही इतरांइतकीच संधी मिळे. शेतात एक पेंढी मुद्दाम उभी ठेवलेली असे. ती मालकाने उचलेपर्यंत कुणी आत पाऊल टाकायचे नाही. चित्रात मात्र मागे कापणी चालू आहे आणि पुढे सरवा वेचला जातो आहे. दोन्ही कामे एका चौकटीत यावीत म्हणून कॉन्स्टेबलने तसे मांडले असावे असे मला वाटते.

कॉन्स्टेबल स्वतः सफोकचाच, ईस्ट बर्गहोल्टचा. वडील धान्याचे व्यापारी, फ्लॅटफर्डची पाणचक्की त्यांची. हे चित्र 1816 मध्ये लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेच्या प्रदर्शनात लागले. पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रदर्शनात ठेवताना त्याने सोबत सफोकचेच कवी रॉबर्ट ब्लूमफिल्ड यांच्या ओळी दिल्या. देवाने सगळ्यांसाठी सांडलेल्यावर इथे दाताळे फिरत नाही, ते गरजवंतांच्या लेकरांचे, असा त्यांचा आशय. खटल्याच्या निकालानंतर अठ्ठावीस-एकोणतीस वर्षांनी त्याच परगण्यातला चित्रकार हे म्हणतो, याकडे टिपणात जरूर लक्ष वेधा. त्याच 1816 मध्ये धान्य महागल्यामुळे पूर्व इंग्लंडात मजुरांचे दंगे झाले होते.

प्रश्न : आभार. मग कापणाऱ्यांना ‘शेतकरी’ म्हणू ना?

उत्तर : नको, ‘शेतमजूर’ म्हणा. तिथे जमीन जमीनदाराची, ती खंडाने कसणारा वेगळा आणि राबणारे रोजंदारीवरचे. मराठीत युरोपीय चित्रांवर लिहिताना शेतात दिसेल त्याला शेतकरी म्हणायची सवय पडली आहे, आणि त्यात हा सगळा फरक पुसला जातो. सरवा वेचणारी बाई शेतकरीण असती तर वेचायला आलीच नसती.

आणखी एक उत्तर : कापणीसाठी ‘सोंगणी’ही चांगला शब्द आहे. आमच्या नाशिककडे गव्हाची सोंगणीच म्हणतात. ‘कापणी’ सगळीकडे समजेल, तेव्हा वाचक कोण आहेत ते पाहून ठरवा. ‘कणीस’ ज्वारी-बाजरीसाठी ठेवा, गव्हाला ओंबी किंवा लोंबी. वाक्य असे करता येईल : ‘मागे शेतमजुरांची सोंगणी चालू आहे, पुढे एक बाई दोन मुलींसह ओंब्यांचा सरवा वेचते आहे.’ चित्र सध्या अमेरिकेत, विल्यम्सटाउनच्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे, तेही टिपणात घाला.