'-आयटिस'साठी 'दाह' हा प्रतिशब्द योग्य आहे का?

मिरजवासी: आपल्याकडील मराठी आरोग्यपत्रकांत हेपॅटायटिसला 'यकृतदाह' आणि आर्थ्रायटिसला 'संधिदाह' म्हटलेले असते. माझ्या मते हे प्रत्ययाच्या मुळाला धरून नाही. ग्रीकमध्ये तो 'अमुकाशी संबंधित' एवढेच सांगणारे विशेषण घडवतो. 'आर्थ्रॉन' म्हणजे सांधा आणि 'नोसोस' म्हणजे रोग. 'नोसोस' स्त्रीलिंगी असल्यामुळे विशेषणाचे रूप '-आयटिस' झाले, आणि आपण नुसते 'कोल्हापुरी' म्हणून चप्पल समजतो, तसे पुढचे नाम गळून विशेषणच रोगाचे नाव होऊन बसले. 'लिथोस' म्हणजे दगड या पुल्लिंगी नामासोबत त्याच प्रत्ययाच्या पुल्लिंगी रूपातून 'हेमटाइट', म्हणजे रक्तासारखा दगड, हे लोहखनिजाचे नाव आले. तेथे दाहाचा मागमूसही नाही.

कृष्णाकाठ: व्युत्पत्ती मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. 1886 मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी लॅटिन शब्दाला हा ग्रीक प्रत्यय जोडून 'अपेंडिसायटिस' हे नाव पुढे आणले, तेव्हा त्यांना 'आंत्रपुच्छाशी संबंधित' एवढेच म्हणायचे नव्हते. तेथे दाह होऊन आंत्रपुच्छ फुटू शकते, म्हणून निदान लवकर व्हावे, हे त्यांना सांगायचे होते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही दाहाची लक्षणे रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकातच नोंदवली आहेत. वाळव्यातील कोणत्याही गोठ्यात विचारा: गाईला दगडी झाली की कास सुजते आणि हाताला गरम लागते. मॅस्टायटिसला 'कासदाह' म्हणण्यात काय चुकले?

मिरजवासी: कासदाह पटतो, परंतु ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये मुख्यतः सांध्यातील कूर्चा झिजते, आणि म्हणूनच काही वैद्यकीय लेखक अवस्था दाखवणारा '-ओसिस' हा दुसरा ग्रीक प्रत्यय लावून 'ऑस्टिओआर्थ्रोसिस' म्हणणे पसंत करतात. शिवाय 'दाह' ऐकला की रुग्णाला जळजळच आठवते आणि तो उष्ण-थंड पदार्थांचे पथ्य सुरू करतो. त्यापेक्षा आयुर्वेदातील 'शोथ' बरा.

अजिंक्यतारा: 'शोथ' घेतल्याने गोंधळ वाढेल. हृदय किंवा मूत्रपिंड अशक्त झाल्यावर पायांवर येणारी सूजही शोथच असते, आणि तिच्यात दाह नसतो. जेथे खरोखर दाह आहे तेथे 'दाह' राहू द्यावा. ऑस्टिओआर्थ्रायटिससाठी साताऱ्यात लोक 'गुडघ्यांची झीज' असे सरळ म्हणतातच. पत्रकांतही तेच छापावे.