आघातातून वाचलेल्यांच्या मानसोपचारात गती कोणी ठरवावी?

मूळ लेखन : उंबरठा

आघातोत्तर तणाव विकारावरचे (पीटीएसडी, म्हणजे भयंकर प्रसंगानंतर मनात मागे राहणारा विकार) मानसोपचार आज बऱ्याच अंशी ठरावीक आराखड्यांनुसार चालतात. एडना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्स्पोजर पद्धतीत साधारण ८ ते १५ सत्रे असतात आणि रुग्णाने घडलेला प्रसंग डोळे मिटून, आत्ता घडत असल्यासारखा, पुन्हा पुन्हा सांगायचा असतो. पॅट्रिशिया रेसिक यांची कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी, म्हणजेच सीपीटी, १२ सत्रांची आहे. 'हे माझ्यामुळेच झाले', 'आता कोणावरच विश्वास ठेवता येणार नाही' अशा मनात घट्ट बसलेल्या समजुती तपासून पाहण्यावर तिचा भर असतो. या पद्धतींनी अनेकांना बरे केले आहे आणि मानसोपचारक म्हणून मी स्वतः त्या वापरते. माझा आक्षेप पद्धतींना नाही. आराखडा आधी आणि माणूस नंतर, या क्रमाला आहे.

ज्या व्यक्तीवर अत्याचार झाला, तिच्याकडून स्वतःच्या शरीराचे आणि स्वतःच्या वेळेचे काय करायचे हे ठरवण्याचा अधिकारच हिरावून घेतलेला असतो. अशा व्यक्तीला 'आज तो प्रसंग सांगायचा आहे, कारण आजच्या सत्रात तेच ठरलेले आहे' असे म्हटले, तर म्हणणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तिला ते आणखी एका हुकमासारखे ऐकू येऊ शकते. मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ मध्ये सावरण्याचे तीन टप्पे मांडले : सुरक्षितता, स्मरण व शोक, आणि माणसांशी पुन्हा जोडले जाणे. या सगळ्याचा पाया म्हणून त्यांनी वाचलेल्या व्यक्तीच्या हाती पुन्हा अधिकार येणे हेच सांगितले होते.

संशोधनही माझ्या म्हणण्याच्या अगदीच विरुद्ध जात नाही. सैनिक आणि माजी सैनिकांवरील चाचण्यांचा जो आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात सीपीटी किंवा प्रोलाँग्ड एक्स्पोजर घेतलेल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणांचे निदान उपचारानंतरही कायम होते. रेसिक यांच्याच २००८ च्या अभ्यासात सीपीटीमधून प्रसंगाचे सविस्तर लेखन वगळले, तरी परिणाम कमी झाला नाही. म्हणजे जो भाग अनेकांना सर्वांत असह्य वाटतो, तो प्रत्येकासाठी अपरिहार्य नाही. मग तो करायचा की नाही, हे त्या व्यक्तीला विचारायला काय हरकत आहे? पद्धत, क्रम, तपशिलाची खोली आणि मध्ये घ्यायचे विराम या सगळ्यांबाबत तिचे मत निर्णायक असावे, असे मला वाटते. विरुद्ध मतांचे मनापासून स्वागत आहे.

प्रतिसाद : पडताळा

मांडणी संयत आहे, तरीही मी तिच्याशी असहमत आहे, आणि माझी असहमतीसुद्धा रुग्णाच्या हिताच्या काळजीतूनच आलेली आहे.

टाळाटाळ हे या विकाराचे एक मुख्य लक्षण आहे. त्या आठवणीकडे, त्या जागेकडे, त्या विषयाकडे जायचे नाही, असे मन सांगत राहते आणि प्रत्येक वेळी टाळल्यावर जी क्षणभर सुटका मिळते, तिच्यामुळे भीती अधिक पक्की होते. अशा वेळी 'तुम्हाला तयार वाटेल तेव्हा सुरू करू' असे म्हणणे म्हणजे निर्णय त्या व्यक्तीच्या हाती देणे नव्हे, तर तो तिच्या लक्षणाच्या हाती देणे होय. शिवाय थांबण्याची गरज नेहमी रुग्णालाच असते, असेही नाही. अत्याचाराचे वर्णन ऐकणे उपचारकालाही जड जाते. 'अजून वेळ आलेली नाही' या वाक्याआड उपचारकाची स्वतःची भीती लपलेली असू शकते आणि ती तपासण्याचा मार्ग कोणताही काटेकोर आराखडा नसेल तर उरत नाही.

हर्मन यांच्या टप्प्यांबद्दलही सांगायला हवे. आधी दीर्घकाळ मन स्थिर करायचे आणि मगच आठवणींना हात घालायचा, हा सल्ला तज्ज्ञांच्या सहमतीवर उभा होता. डी याँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की असा प्राथमिक टप्पा अनिवार्य आहे, याला पुरेसा प्रायोगिक आधार नाही आणि त्यामुळे परिणामकारक उपचार विनाकारण लांबू शकतात. गुंतागुंतीचा, म्हणजे दीर्घकाळ किंवा वारंवार, आघात झालेल्यांना 'तुम्हाला हे झेपणार नाही' असे न बोलता सांगितले जाते, तेही वेगळेच.

केवळ सहृदयतेने काय होते, याचा एक धडा या क्षेत्राने आधीच घेतला आहे. अपघात किंवा आपत्ती घडल्यानंतर लगेच माणसांना एका बैठकीत बोलते करण्याची डीब्रीफिंगची पद्धत १९८० च्या दशकात अतिशय चांगल्या हेतूने पसरली. भाजलेल्या रुग्णांवरील १९९७ च्या अभ्यासात १३ महिन्यांनी डीब्रीफिंग मिळालेल्यांपैकी २६ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ९ टक्के जणांना हा विकार असल्याचे आढळले. डीब्रीफिंग मिळालेल्यांच्या जखमा मुळात अधिक गंभीर होत्या, त्यामुळे हा आकडा जपूनच वाचायला हवा. तरीही पुढच्या आढाव्यांचा निष्कर्ष हाच राहिला की एका बैठकीच्या डीब्रीफिंगने विकार टळत नाही. चांगला हेतू मोजमापाची जागा घेऊ शकत नाही.

प्रतिसाद : वाटसरू

मी उपचारक नाही. लहानपणी झालेल्या अत्याचारासाठी मी उपचार घेतले आहेत, एवढाच माझा अधिकार.

माझे पहिले उपचारक अत्यंत प्रेमळ होते. आम्ही झोपेबद्दल बोललो, कामाबद्दल बोललो, श्वासाचे व्यायाम केले. त्या प्रसंगाबद्दल त्यांनी कधी विचारले नाही आणि मी कधी सांगितले नाही. ते मला जपत होते, हे मला कळत होते. पण त्यातून मी असा अर्थ काढला की माझ्याजवळ जे आहे ते इतके भयंकर आहे की प्रशिक्षित माणसालाही ऐकवणार नाही. नंतर मी ठरावीक सत्रांचा उपचार घेतला. पुढच्या आठवड्यात काय होणार, ते किती वेळ चालणार आणि कधी संपणार हे मला आधीच ठाऊक असायचे. लहानपणी माझ्यावर जे ओढवले, ते कधी होईल याचा अंदाज नसायचा, म्हणून ही पूर्वसूचना मला कोणत्याही मृदू शब्दांपेक्षा अधिक सुरक्षित वाटली. आराखडा म्हणजे कठोरपणा, हे समीकरण माझ्या अनुभवाशी जुळत नाही.

प्रतिसाद : उंबरठा

वाटसरू, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत मोलाचा आहे. तुम्हाला ज्या लवचीकतेने निराश केले, तिला मी लवचीकता म्हणणार नाही. तिथे तुमच्यापुढे पर्याय ठेवलेच गेले नव्हते. 'असा उपचार उपलब्ध आहे, तो असा चालतो, त्याचा त्रास असा होऊ शकतो आणि फायदा असा होतो, तुमचे काय मत आहे?' हा प्रश्न तुम्हाला पहिल्या महिन्यातच विचारला गेला असता, तर कदाचित तुम्ही तेव्हाच ठाम आराखडा निवडला असता. तुमच्या निवडीचा आदर करणे हेच माझ्या प्रस्तावाचे सार आहे.

पडताळा, डीब्रीफिंगचा दाखला मी उलट बाजूने वाचते. त्या पद्धतीत सर्वांना एकाच वेळी, एकाच क्रमाने, बोलण्याची इच्छा आहे की नाही याचा फारसा विचार न करता, प्रसंगाच्या तपशिलांतून नेले जात असे. ज्याचे मन त्या घडीला स्वतःला सावरण्यासाठी गप्प राहू पाहत होते, त्यालाही तिथे बोलते केले गेले. चांगल्या हेतूला सक्तीची जोड मिळाली की काय होते, याचे ते उदाहरण आहे. त्यातून सहृदयतेविरुद्ध निष्कर्ष कसा निघतो, हे मला समजत नाही.

उपचारकाच्या भीतीबद्दल मात्र तुम्ही जे लिहिले आहे, त्यातील प्रत्येक शब्द मला मान्य आहे. पण त्यावरचा उपाय उपचारकाने नियमित पर्यवेक्षण घेणे, म्हणजे आपले काम अनुभवी उपचारकासमोर तपासून घेणे, हा आहे. त्याची किंमत रुग्णाला स्वतःची गती गमावून का मोजावी लागावी?

प्रतिसाद : निळीशाई

माझा अनुभव वाटसरूंच्या नेमका विरुद्ध आहे आणि तोही इथे नोंदला जावा, असे वाटते.

मला प्रसंग सांगायला लावले गेले आणि मी तो सांगितला, अगदी सुसंगत, न रडता, न थांबता. उपचारकांनी प्रगती चांगली असल्याचे सांगितले. प्रत्यक्षात मी तेव्हा त्या खोलीत नव्हतेच. माझा आवाज मला दुरून ऐकू येत होता, हात बधिर झाले होते आणि घरी आल्यावर संध्याकाळचे कित्येक तास माझ्या आठवणीत नसायचे. अत्याचार होत असतानाही मी अशीच शरीराबाहेर जात असे. म्हणजे उपचारात मी काही नवे शिकत नव्हते, जुनीच सुटका पुन्हा गिरवत होते आणि माझ्या शांतपणामुळे ते कोणाच्याच लक्षात येत नव्हते. 'थांबूया' असे म्हणता येते, हे मला कोणी सांगितलेच नव्हते. माझ्यासारख्या व्यक्तीने मुळात नकार द्यायला शिकायचे असते, त्यामुळे ते गृहीत धरून चालत नाही. मी उपचार अर्ध्यावर सोडला आणि माझी नोंद सोडून गेलेल्यांत झाली. मी का गेले, हे कोणी विचारले नाही.

प्रतिसाद : सांधा

नवोदित उपचारकांच्या कामाचे पर्यवेक्षण करताना हा वाद माझ्यासमोर रोज येतो. दोन्ही बाजू वास्तवात जितक्या दूर आहेत, त्यापेक्षा इथे अधिक दूर दिसत आहेत, असे मला वाटते.

गॅलोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये सीपीटीची सत्रसंख्या मोकळी सोडून पाहिली. काहींनी लवकर थांबायचे, काहींनी १८ सत्रांपर्यंत जायचे आणि ते ठरणार लक्षणांतील प्रत्यक्ष सुधारणेवरून. उपचार पूर्ण करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक जण १२ व्या सत्राच्या आधीच बरे होऊन थांबले, तर काहींना खरोखरच जास्त सत्रे लागली. आशय कायम ठेवून लांबी बदलण्याचा हा मार्ग मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी करणाऱ्या नाइस या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही ८ ते १२ सत्रे सुचवतात, गरजेप्रमाणे ती वाढवायला सांगतात आणि गुंतागुंतीच्या आघातात विश्वास निर्माण होण्यासाठी जादा वेळ धरायला सांगतात.

सोडून जाण्याच्या प्रश्नाचे उत्तरही सरळ नाही. सध्याच्या अडचणींवरच बोलणारी आणि आघाताच्या तपशिलात न जाणारी जी प्रेझेंट-सेंटर्ड थेरपी आहे, तिच्याबाबत २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) आघातकेंद्री उपचारांपेक्षा कमी लोक सोडून जातात असे आढळले, तर लक्षणे कमी करण्यात आघातकेंद्री उपचार काहीसे सरस ठरले. हे उंबरठा यांच्या बाजूचे वाटेल. पण डेनिस स्लोन यांच्या पाच सत्रांच्या लेखनोपचारात माणूस थेट त्या प्रसंगाबद्दलच लिहितो, आणि २०१८ मध्ये १२ सत्रांच्या सीपीटीशी तुलना केली तेव्हा परिणामात तो मागे पडला नाही. तो सोडणारे सुमारे ६ टक्के होते, सीपीटी सोडणारे सुमारे ४० टक्के. म्हणजे माणसे आठवणीमुळेच पळतात असे नाही. उपचाराचा एकूण भार, घरी करायचा अभ्यास, आठवड्यामागून आठवडे येत राहण्याची ओढाताण हेही त्यांना जड जाते. या लेखनोपचारात घरी करायचा अभ्यासच नसतो. करुणा कुठे दाखवायची, याचा विचार करताना मी आधी इथे पाहीन.

प्रतिसाद : पडताळा

निळीशाई, तुमच्या बाबतीत जे घडले ते चुकीचे होते. तुम्ही सोडून गेल्यावर कोणीही विचारले नाही, हे तर अक्षम्य आहे. फक्त एक गोष्ट नम्रपणे नोंदवतो : प्रोलाँग्ड एक्स्पोजरचा मूळ आराखडा उपचारकाला नेमके हेच ओळखायला शिकवतो. रुग्ण भावनेपासून तुटलेला आहे की भावनेत वाहून चालला आहे, हे सतत पाहायचे असते, आणि वाहून जात असेल तर डोळे उघडे ठेवून, भूतकाळात सांगायला सांगायचे असते. तुमच्या उपचारकाने आराखड्याचा सांगाडा घेतला, त्यातली दक्षता घेतली नाही.

मोकळ्या, ध्येयहीन उपचारांचेही बळी आहेत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९० च्या दशकात दडपलेल्या आठवणी शोधण्याच्या नावाखाली संमोहन आणि सूचक प्रश्न वापरले गेले आणि कधीही न घडलेल्या प्रसंगांच्या 'आठवणी' तयार झाल्या. मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या प्रयोगांनी अशी खोटी आठवण रुजवता येते, हे दाखवले. त्या उपचारकांनाही आपण रुग्णाच्या मागोमाग चाललो आहोत, असेच वाटत होते. म्हणून सांधा यांच्या पर्यायाला मी संमती देतो, पण एका अटीवर : थांबायचे असेल, तर किती काळ आणि का, हे पहिल्याच दिवशी लिहून ठेवले जावे, आणि दर आठवड्याला पीसीएल-५ सारख्या प्रश्नावलीने लक्षणे मोजली जावीत. त्या २० प्रश्नांना काही मिनिटेच लागतात.

प्रतिसाद : उंबरठा

मोजमापाची अट मला पूर्ण मान्य आहे. निळीशाई यांच्यासाठी मी त्या प्रश्नावलीबरोबर आणखी एक प्रश्न ठेवीन : 'आज इथे बोलताना तुम्ही इथेच होतात का?' पीसीएल-५ चे प्रश्न त्या बधिरपणापर्यंत नीट पोहोचत नाहीत.

मुदतीबाबत मात्र आपला मतभेद राहील. मी तारीख लिहीन, पण ती प्रसंग सांगण्याची नसेल. त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून विचारायचे की थांबल्याने तुमचे आयुष्य मोकळे होत आहे की आक्रसत आहे. ते आक्रसत असेल, तर तसे स्पष्ट सांगण्याची जबाबदारी माझी. ते ऐकूनही ती 'अजून नाही' म्हणाली, तर मी पुढची तारीख लिहीन.

प्रतिसाद : पडताळा

आणि मी त्या वेळी विचारीन की 'नाही' ही तिची इच्छा आहे की तिची भीती.

प्रतिसाद : निळीशाई

तेही विचारा, पण उत्तर देण्याआधी मला वेळ द्या. पहिल्यांदा मी जे उत्तर देईन, ते बहुधा तुम्हाला खूश करण्यासाठी असेल.